शेंट्रीफुगल

दहावीपर्यंत माझं विज्ञान मराठीत होतं आणि ते मला चांगलं यायचं. अकरावीला बारामतीच्या कॉलेजात सायन्सला गेले आणि सगळं इंग्रजीत झालं. नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या गावातनं सायन्सला गेलेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळं मला काही कळत नाही हे घरी सांगायचीही सोय नव्हती. गाव इंदापूर तालुक्यात, फाट्यापासून दोन किलोमीटर आत. सकाळी वालचंदनगरकडून येणारी एस.टी. फाट्यावर पकडायची, तासाभरात बारामती. संध्याकाळी तसंच उलट. गाडीत दांडा धरून उभ्याउभ्या मी व्याख्या पाठ करायचे. पाठ व्हायच्या, परीक्षेत निम्म्या आठवायच्या, आणि आठवल्या तरी त्या कशाबद्दल आहेत ते मला ठाऊक नसायचं. अकरावी तशीच काठावर सुटली.

वडलांना आम्ही आण्णा म्हणायचो. आजोबांची मेंढरं होती. पावसाळा संपला की कळप घेऊन ते घाटाखाली कोकणात उतरायचे. आण्णाही लहानपणी त्यांच्याबरोबर हिंडले. मग सातवीपर्यंत शिकले, आणि पुढं भागातल्या एका साखर कारखान्यात लागले. साखर कारखान्यात उसाचा रस आटवत, शिजवत शेवटी एक दाट तपकिरी माल तयार होतो. त्यात साखरेचे दाणे आणि चिकट मळी एकत्र असते. ती वेगळी करायचं मशीन म्हणजे सेंट्रिफ्यूगल. जाळीच्या भिंतीचं एक मोठं पिंप, त्याच्याभोवती पत्र्याचं कवच. पिंपात माल सोडायचा, ते गरगरा फिरवायचं. मळी जाळीतनं बाहेर जाते, साखर आत राहते. आण्णा या मशीनवर पंधरा-सोळा वर्षं होते. ते आणि त्यांचे सोबती 'शेंट्रीफुगल' म्हणायचे. "आज मी शेंट्रीफुगलवर हाय" म्हणजे आज ड्यूटी आहे. लहानपणी मला तो शब्द मराठीच वाटायचा. फुगण्याशी त्याचा काहीतरी संबंध असणार, पिंपात काहीतरी फुगत असणार, अशी माझी समजूत होती.

बारावीला फिजिक्सचा पहिलाच धडा वर्तुळाकार गतीचा निघाला. शिकवायला नवीन मॅडम होत्या. तिशीच्या आसपास, पुण्याच्या. बारामतीत खोली घेऊन एकट्या राहायच्या. बोलणं मोजकं, फळ्यावरचं अक्षर छापल्यासारखं. वर्गात कुणी कुजबुजलं तर त्या ओरडायच्या नाहीत, नुसत्या थांबायच्या, आणि ते थांबणं ओरडण्यापेक्षा जड जायचं. एके दिवशी त्यांनी फळ्यावर शेजारी-शेजारी दोन शब्द लिहिले. सेंट्रिपेटल. सेंट्रिफ्यूगल. मी ताठ होऊन बसले. सगळ्या पुस्तकात ओळखीचा एवढाच शब्द होता, आणि तो आमच्या घरातला होता.

पुढचं मात्र माझ्या डोक्यावरून गेलं. सेंट्रिपेटल आत ओढतं, सेंट्रिफ्यूगल बाहेर. एक खरं आणि एक स्यूडो. स्यूडो म्हणजे काय ते मी विचारलं नाही. वर्गातली निम्मी मुलं इंग्रजी शाळेतनं आलेली होती, त्यांच्यासमोर तोंड उघडायची माझी हिंमत नव्हती. शिवाय दोन्ही शब्द दिसायला इतके सारखे, की घरी येईपर्यंत आत कुठलं आणि बाहेर कुठलं हेच उलटंपालटं व्हायचं.

ऑगस्टमध्ये युनिट टेस्ट झाली. तिसरा प्रश्न असा होता, की सेंट्रिफ्यूगल फोर्सला स्यूडो का म्हणतात, ते उदाहरण देऊन लिहा. मला 'उदाहरण' एवढं कळलं. मी पानभर लिहिलं. माल कसा सोडतात, पिंप कसं फिरतं, गरम पाण्याचा फवारा कधी मारायचा, ब्रेक कधी लावायचा. आण्णांकडून ऐकलेलं सगळं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. शेवटचं वाक्य मला अजून पाठ आहे : 'माय फादर इज रनिंग सेंट्रिफ्यूगल फोर्स सिन्स फिफ्टीन इयर्स.'

पेपर मिळाला तेव्हा त्या पानावर शून्य होतं. खाली लाल शाईत एक ओळ : 'देअर इज नो सच फोर्स.'

एकूण मार्क वीसपैकी तीन. नापासांनी पेपरवर पालकांची सही आणायची होती.

आण्णा तेव्हा दिवसपाळीला असायचे. उसाचं गाळप बंद होतं, त्यामुळं मशीन खोलून साफसफाई आणि दुरुस्ती चाललेली. ते संध्याकाळी आले, हात-पाय धुऊन ओट्यावर बसले, तेव्हा मी पेपर पुढं केला. सही करायला त्यांनी पेन हातात घेतलं, पण सही केली नाही. पानं उलटली. इंग्रजी त्यांना वाचता यायचं नाही, पण शून्य वाचता यायचं.

"ह्या पानावर एवढं लिवलंयस, आन् भोपळा?"

"चुकलं."

"काय लिवलंतंस?"

मी सांगितलं. मशीनबद्दल लिहिलं होतं, तुम्ही सांगता तसंच. त्यांनी लाल ओळीवर बोट ठेवलं. "हे काय लिवलंय म्याडमनी?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण ते इतक्या गंभीरपणे बघत होते की मी खरं सांगितलं. "असलं बलच नसतं, असं लिहिलंय."

"कसलं?"

"सेंट्रिफ्यूगल."

आईनं चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला. मग आण्णा म्हणाले, "न्हाय म्हणत्यात? मग साखर कोण काढतंय?"

मला हसू आलं आणि लगेच भीती वाटली, कारण ते अजिबात हसत नव्हते. त्यांनी सही केली, पेपराची घडी घालून माझ्याकडं दिली आणि विचारलं, "म्याडम कंच्या दिवशी भेटत्यात?"

मी खूप सांगून बघितलं. मॅडम कडक आहेत, मार्क बदलत नाहीत, मला वर्गात बसायचं आहे. आण्णा म्हणाले, मार्कांसाठी कोण येतंय? मी इचारायला येतोय.

गुरुवारी त्यांची सुट्टी असायची. गुरुवारी ते माझ्याबरोबर एस.टी.त बसले. स्वच्छ पांढरा सदरा, टोपी, आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. फिजिक्सच्या प्रयोगशाळेबाहेर आम्ही तास संपायची वाट बघत उभे राहिलो. माझ्या वर्गातली मुलं येता-जाता बघत होती. मला जमीन फाटावी असं वाटत होतं. आण्णा भिंतीवरचे शास्त्रज्ञांचे फोटो एकेक करून बघत होते.

मॅडम आल्या. आण्णांनी नमस्कार केला. "म्याडम, मी हिचा वडील. शेंट्रीफुगलवर हाय."

मॅडमना पहिल्यांदा शब्द कळला नाही. मी हळूच सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "तो पेपर!" त्या म्हणाल्या. "या ना काका, आत या."

आत एका स्टुलावर आण्णा बसले आणि त्यांनी पुडकं सोडलं. तांब्याच्या पत्र्याचा हातभर तुकडा होता, बारीक भोकांची चाळण. दुरुस्तीत निघालेली जुनी जाळी. त्यांनी ती मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि माल कुठं सोडतात, मळी कुठनं जाते, साखर कुठं राहते ते बोटानं दाखवलं. मॅडमनी मधे एकदाही अडवलं नाही. त्यांचं झाल्यावर मॅडमनी मराठीत सांगायला सुरुवात केली, आणि त्यांच्याकडून फिजिक्स मराठीत मी पहिल्यांदाच ऐकत होते. मळीला बाहेर कुणी ढकलत नाही, त्या म्हणाल्या. प्रत्येक वस्तूला सरळ जायचं असतं. साखरेला जाळी अडवते आणि आत वळवते, ते खरं बल. मळीला भोक सापडतं, तिला अडवायला कुणी नाही, म्हणून ती जाते. बाहेर ढकलणारं बल आपल्याला वाटतं, पण ते नसतं.

आण्णांनी मान डोलवली, पण ती पटल्याची नव्हती. "म्याडम, तुमी शिकलेल्या हाय. पर मशीनच्या पाटीवर कंपनीनं तेच नाव लिवलंय की. न्हाय त्या गोष्टीला नाव कुणी ठिवलं? आन् काय म्हणून ठिवलं?"

मॅडम उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. वर्गात थांबायच्या तशा नव्हे.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "बघून सांगते."

मी तोपर्यंत एकाही शिक्षकाच्या तोंडून हे वाक्य ऐकलं नव्हतं. आण्णांना त्यात काही वावगं वाटलं नाही. "बघा," म्हणाले. "आन् मशीन बघायचं आसंल तर दिवाळीनंतर या. आत्ता सगळं खोललंय." जाळी त्यांनी तिथंच ठेवली.

शून्य तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं, "प्रश्न 'का म्हणतात' असा होता. त्याचं उत्तर तू दिलेलं नाहीस." मला त्यांचा राग आला. एवढं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुला प्रश्न कळला होता का?" मी नकारार्थी मान हलवली. "मग तो मला का नाही विचारलास?" त्या म्हणाल्या, "दुपारी ग्रंथालयात ये. तुझ्या वडलांचं काम आहे."

ग्रंथालयात एका कपाटात इंग्रजीचा एक जाडजूड शब्दकोश होता. शब्द कुठून आला तेही त्यात दिलेलं. तो उचलून टेबलावर ठेवायला दोघी लागलो. मॅडमनी पान काढलं आणि मला वाचायला लावलं. अक्षरं मुंगीएवढी. सेंट्रिफ्यूगल हा शब्द एक नव्हता, दोन होते. पहिला केंद्र या अर्थाचा. दुसरा लॅटिनमधला, पळून जाणे या अर्थाचा. केंद्रापासून पळणारं. सेंट्रिपेटलमध्ये पहिला तोच, आणि दुसरा गाठायला निघणे, मागणे या अर्थाचा. "पिटिशन माहीत आहे ना?" मॅडम म्हणाल्या. "तहसीलमध्ये करतात ते? त्यातलं पिट आणि हे पेट एकच. आणि रेफ्युजीमधलं फ्यूज हे पळणारं."

रेफ्युजी पळतो, पिटिशनवाला मागायला येतो. मी वहीच्या मागच्या पानावर एवढंच लिहिलं. त्यानंतर हे दोन शब्द माझ्याकडून कधी उलटे झाले नाहीत.

मग मॅडमनी पहिल्या तुकड्याचं मूळ शोधलं. सेंटर हा शब्द ग्रीकमधून आलेला. तिथं त्याचा अर्थ दिला होता : टोचायचं टोक, बैलाला टोचायची काठी. त्यावरून वर्तुळ काढताना जे टोक रोवून ठेवतात ते, आणि त्यावरून मध्यबिंदू.

"पराणी," मी म्हणाले.

"काय?"

"बैल हाकायच्या काठीला पुढं लोखंडी आर असते. पराणी म्हणतात."

त्यांनी तो शब्द आपल्या वहीत लिहून घेतला. मला तेव्हा काय वाटलं ते सांगणं अवघड आहे. सव्वा वर्ष मी त्या कॉलेजात नुसती उतरवून घेत होते. माझ्याकडून कुणी काही उतरवून घेतल्याची ही पहिलीच वेळ होती.

दोन दिवसांनी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. स्टाफरूममध्ये संस्कृतच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, आपला केंद्र हा शब्दही मूळचा संस्कृत नाही. ज्योतिषाबरोबर तो ग्रीकांकडून आला, त्याच टोकदार शब्दावरून. म्हणजे सेंटर आणि केंद्र हे एकच. मी सव्वा वर्ष ज्या इंग्रजीला घाबरत होते तिच्यातला निदान एक शब्द दहावीच्या पुस्तकात मी वाचून आले होते.

नाव कुणी ठेवलं ते मात्र शब्दकोशात नव्हतं. त्यासाठी मॅडमनी पुण्याहून एक पुस्तक आणलं. तीनेकशे वर्षांपूर्वी घड्याळं आणि दुर्बिणी बनवणाऱ्या एका डच विद्वानानं पळणाऱ्या बलाचं नाव आधी ठेवलं. आत ओढणाऱ्याचं नाव नंतर एका इंग्रजानं ठेवलं, पहिल्या नावाची जोड म्हणून. खोट्याचं नाव आधीचं, खऱ्याचं नंतरचं. मॅडमना याची फार गंमत वाटली. त्यांनी मला हे सगळं मराठीत लिहून आणायला सांगितलं, आणि मग तेच इंग्रजीत. "आधी तुझ्या भाषेत समजू दे. मग भाषांतर कर. पाठ करू नकोस." दर आठवड्याला एक धडा तसा लिहून द्यायचा असं ठरलं. त्या तो तपासायच्या, इंग्रजीच्या चुका हिरव्या शाईत आणि फिजिक्सच्या लाल शाईत. पहिल्या महिन्यात पानं हिरवी-लाल होऊन यायची. मग हिरवं कमी होत गेलं. लाल मात्र बरेच दिवस टिकलं.

घरी मी आण्णांना एकेक हप्ता सांगायचे. पराणीचं ऐकून ते खूश झाले. नाव कुणी ठेवलं ते ऐकून म्हणाले, "घड्याळजी व्हय? मग त्याला फिरतं कळत आसंल." केंद्रापासून पळणारं, हा अर्थ त्यांना पटला. "बराबर हाय. मळी पळतीच. म्याडमना म्हणावं या आता."

दिवाळीनंतर बॉयलर पेटला, कारखाना सुरू झाला. कारखान्यातल्या केमिस्टसाहेबांची परवानगी आण्णांनीच काढली. एका गुरुवारी मॅडम माझ्याबरोबर एस.टी.नं फाट्यावर उतरल्या, तिथनं उसाच्या ट्रॅक्टरच्या कडेकडेनं आम्ही चालत गेलो. आण्णांनी त्या दिवशी सुट्टी घेतली नव्हती, मुद्दाम. मॅडमनी पदर खोचला, केस बांधले. आत मळीचा गोड-करपट वास आणि इतका आवाज, की कानाशी ओरडल्याशिवाय बोलणं ऐकू येईना. मी स्वतः पहिल्यांदाच आण्णांना मशीनवर बघत होते. घरी ते सावकाश हालायचे. इथं त्यांचे हात वेगळेच चालत होते. माल सोडला, पिंप फिरायला लागलं, आवाज चढत गेला. त्यांनी कवचावर तळवा टेकवला आणि मॅडमना खूण केली, तुम्हीही टेकवा. माल एका बाजूला जास्त पडला तर हाताला कळतं, असं ते ओरडून म्हणाले. आत बघता-बघता तपकिरी रंग फिका होत गेला, पाण्याचा फवारा बसला, आणि जाळीला चिकटलेली पांढरी साखर दिसायला लागली. मॅडम वाकून बघतच राहिल्या.

ब्रेक लागला, आवाज उतरला. साखर खाली सोडून आण्णांनी मशीन दुसऱ्याच्या हवाली केलं आणि आम्ही बाहेर शेडच्या सावलीत आलो.

"बघितली का पळताना?" आण्णा म्हणाले.

"बघितली," मॅडम म्हणाल्या. "काका, एक विचारू? तुम्ही बाहेरचं कवच आतनं साफ करता ना?"

"दर वर्षाला. खरवडून काढावं लागतं."

"त्याच्यावर मळीचे डाग असतील. ते कसे असतात? केंद्रापासून सरळ बाहेर पळाली असती तर मळी कवचावर समोरासमोर आदळली असती."

आण्णांनी डावा हात कवचासारखा वाकवला आणि उजव्या हाताची बोटं त्याच्यावर तिरपी ओढली.

"वरखडे असत्यात. तिरपे. फिरायच्या अंगानं."

"सगळे?"

"सगळेच की." ते अजून स्वतःच्या हाताकडं बघत होते. "पंधरा वर्सं खरवडतोय."

आण्णांनी खाली बघितलं, एक खडा उचलला, बोटांत फिरवला.

"गोफणीवाणी," ते म्हणाले. "गोफण फिरवून दगड सोडला तर त्यो आपल्यापास्नं सरळ उलटा न्हाय जात. ज्या वाटंनं चाललेला आसतो त्या वाटंनं सुटतो. म्हून तर नेम धरायचा आसंल तर आधीच सोडावा लागतो. ल्हानपणी मेंढरामागं हेच केलंय." आणि थोडं थांबून, "म्हंजी मळी पळत न्हाय. चाललीय तिकडं जाती."

"हो."

"मग हाताला वड लागती ती? गोफण फिरवताना?"

"दोरी दगडाला आत ओढते. दगड दोरीला बाहेर ओढतो, आणि दोरी तुमच्या हाताला. पण दगडाला स्वतःला बाहेर ओढणारं कुणी नसतं."

हे त्यांना लगेच पटलं नाही. ते बराच वेळ खडा बोटांत घोळवत उभे राहिले. "मग पाटीवरचं नाव चुकलंय म्हणा की," ते शेवटी म्हणाले. आवाजात वाद नव्हता. थोडं वाईट वाटल्यासारखं होतं. पंधरा वर्षं ज्याच्यावर भाकरी खाल्ली त्याचं नाव चुकीचं निघालं होतं.

मॅडम म्हणाल्या, "अगदी चुकलं असंही नाही काका. एस.टी. वळणावर वळली की आपण बाहेरच्या बाजूला झुकतो ना? गाडीत बसलेल्याला वाटतं, कुणीतरी ढकललं. रस्त्यावर उभं राहून बघणाऱ्याला दिसतं, माणूस सरळ चालला होता, गाडीच वळली. नाव ठेवणारा गाडीत बसला होता एवढंच."

आण्णा आता हसले. त्यांनी कागदात साखर बांधून आणली होती, गरम होती अजून. ती मॅडमच्या हातात दिली. जाताना मॅडमनी त्यांना वाकून नमस्कार केला. आण्णा इतके गोंधळले की, "आवं, आवं," करत दोन पावलं मागं सरकले.

त्यानंतर आठ-दहा दिवस त्यांनी आपल्या पाळीतल्या लोकांना ही गोष्ट सांगितली. लोक हसले. एकानं म्हणे विचारलं, मग आजपास्नं मशीनला काय म्हणायचं? आण्णा शेंट्रीफुगलच म्हणत राहिले. दुसरं काही म्हटलं तर कुणाला कळलं नसतं.

माझ्या वहीच्या मागच्या पानांवर मात्र शब्द वाढत गेले. मॅडमनी सवयच लावली : नवा शब्द आला की आधी फोडायचा. फोटो म्हणजे उजेड, थर्मो म्हणजे उष्णता, आयसो म्हणजे सारखं. ज्यांची फोड कळली त्या व्याख्या मला पाठ कराव्या लागेनात. मराठी शाळांतनं आलेल्या इतर मुली ती वही मागून न्यायला लागल्या. एकदा ती आठवडाभर परत आली नाही आणि आली तेव्हा तिच्यावर चहा सांडलेला होता.

याचा तोटाही झाला. फेब्रुवारीत प्रॅक्टिकलची परीक्षा झाली, बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी तोंडी परीक्षेत विचारलं, इनर्शिया म्हणजे काय? मी उत्साहानं सांगायला लागले, लॅटिनमध्ये इनर्स म्हणजे ज्याच्या अंगी काही कला नाही असा, निरुद्योगी, आळशी. त्यांनी चष्मा काढला. "बाई, व्युत्पत्ती कुणी विचारली? व्याख्या सांगा." जडत्वाची व्याख्या मला येत होती, पण त्या एका वाक्यानं माझी जीभ अडखळली आणि मी ती अर्धीच सांगितली. बाहेर आल्यावर मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "चूक माझी. दोन्ही लागतं हे मी सांगायला हवं होतं."

मॅडमची नोकरी कायमची नव्हती. वर्ष संपल्यावर त्या पुण्याला परत गेल्या. जायच्या आधी प्रयोगशाळेत त्यांची भेट झाली. सामान बांधून झालं होतं. मी निरोपाचं काहीतरी इंग्रजीत बोलायचं ठरवून गेले होते, दोन दिवस घोकत होते. प्रत्यक्षात मराठीतही फारसं बोलता आलं नाही. त्यांनी पत्ता दिला, मी दोन पत्रं पाठवली, त्यांचं एक उत्तर आलं. पुढं ते थांबलं. कुणाचीच चूक नव्हती.

निकाल लागला. फिजिक्समध्ये एकसष्ट. वीसपैकी तीनपासून निघून मी तिथवर आले होते, म्हणून मला ते खूप वाटले. आण्णांनी आनंदानं पेढे आणले आणि मग दोन दिवसांनी हळूच विचारलं, "विंजिनेरला चालतील का एवढे?" चालत नव्हते. ते त्यांना कळलं तेव्हा त्यांनी काही बोलून दाखवलं नाही. आईकडून मला कळलं की मुलगी इंजिनिअर होऊन कारखान्यात यावी असं त्यांच्या मनात मॅडम येऊन गेल्यापासून होतं.

बी.एस्सी.चा फॉर्म भरायला ते माझ्याबरोबर आले. माझ्या मैत्रिणी बॉटनी-झूलॉजीच्या ग्रुपला जाणार होत्या, आणि मीही तेच ठरवलं होतं. गणिताचा मला कंटाळा आला होता, आणि एकसष्ट मार्क घेऊन आणखी तीन वर्षं झगडायची माझी तयारी नव्हती. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "ग्रुप कोणता?" मी बोलायच्या आत आण्णा खिडकीत वाकले. "फिजिक्स लिवा."

कारकुनानं लिहिलं. परतीच्या गाडीत फाटा येईपर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. तो राग पहिलं वर्षभर राहिला. दुसऱ्या वर्षी थोडा कमी झाला. तिसऱ्या वर्षी एक मुख्य विषय निवडायचा होता, तो मी फिजिक्सच घेतला. यावेळी खिडकीपाशी एकटीच गेले होते.